पाळकाच्या घरची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. पस्तीस वर्षे शाळेत पोरांना गणित शिकविले, एवढेच माझे बोलणे. दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कोणा विदुषीला बोलावतो. यंदा कार्यवाहबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा आपल्यातल्याच कोणी बोलायचे ठरले आहे. तुम्ही तुमच्या बाबांविषयी बोला. एक्याण्णव वर्षांचे आयुष्य, आणि तेही पाळकाचे. जंगलातल्या गावोगावी हिंडलेला माणूस. आमच्या सुनांना ते ऐकू द्या."

मी हो म्हटले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. बापाविषयी बोलायचे म्हणजे चांगलेच बोलावे लागते. आणि सगळे चांगलेच बोलले तर ते खरे होत नाही. म्हणून मी असे ठरविले की आधी एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगावी, जो बाबांच्याही आधी पाऊणशे-ऐंशी वर्षे आपल्या या चांद्यात येऊन गेला, आणि मग त्या गोष्टीच्या आडोशाने आमच्या घरची सांगावी. आडोसा लागतो, भगिनींनो. पंचाहत्तरी उलटल्यावरही लागतो.

त्या मोठ्या माणसाचे नाव नीळकंठशास्त्री गोरे. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे नाव नहेम्या गोरे झाले, आणि पुढे लोक त्यांना फादर गोरे म्हणू लागले. बाबांच्या तोंडी हे नाव नेहमी असे. बाबा आमच्या झाडीपट्टीतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षण बेताचे. आणि गोरेशास्त्री म्हणजे काशीचे पंडित. तरी बाबा त्यांच्याविषयी असे बोलत की जणू काही आपल्या मागच्या गल्लीतले कोणी वडीलधारे.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1825 चा, झाशीजवळच्या एका खेड्यातला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणाचे, पण पेशवाईच्या काळात उत्तरेकडे गेलेले. लहानपण काशीत गेले. संस्कृत, न्याय, शास्त्रे यांत मुलगा तयार झाला. काशीत मिशनरी लोक येऊन वाद करीत, तेव्हा त्यांची जिरवावी म्हणून हा विशीतला तरुण त्यांच्याकडे गेला. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने हिंदू धर्मावर टीका करणारा 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून नीळकंठशास्त्र्यांनी 1844-45 च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतातच लिहिला. तो आजही विद्वान लोक वाचतात. पण वाद करता करता हा माणूस स्वतःच विचारात पडला. तीन-चार वर्षे त्याने स्वतःशीच भांडण केले, आणि 14 मार्च 1848 रोजी बाप्तिस्मा घेतला. काशीत घरचे आडवे येतील म्हणून तो विधी जौनपूरला झाला.

येथे थोडे थांबते. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या बायका आहेत. कोणी कोणता धर्म घ्यावा किंवा सोडावा, हा माझा आजचा विषय नाही. माझा विषय एवढाच की तेवीस वर्षांचा एक मुलगा घर सोडून निघतो तेव्हा मागे घरात काय होते. त्या काळी असा मुलगा घराला मेल्यासारखाच असे. त्याच्या हातचे पाणी नाही, त्याला पंगतीत पान नाही. नीळकंठशास्त्री पुढे बाप झाले, पण आधी ते बापाला सोडून गेलेले पुत्र होते. हे लक्षात ठेवा. मला त्याकडे पुन्हा यायचे आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे आल्या आणि त्याही ख्रिस्ती झाल्या. आपण पुरुषांच्या धाडसाच्या गोष्टी सांगतो. पण नवरा पंडित होता, त्याने ग्रंथ वाचले होते, वाद केले होते, त्याचा त्याला आधार होता. लक्ष्मीबाईंनी माहेर, सासर, सणवार, ओळखीचे सगळे जग मागे टाकले ते कशाच्या आधारावर? त्यांचे म्हणणे कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. 11 सप्टेंबर 1853 रोजी काशीत त्यांना मुलगी झाली, आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई वारल्या. मुलीचे नाव एलेन लक्ष्मी ठेवले. अर्धे नाव नव्या जगाचे आणि अर्धे आईचे. आईचे तेवढेच तिच्यापाशी उरले.

आता पुढचे ऐका. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग 1854 मध्ये इंग्लंडला निघाले. त्यांच्याबरोबर शिक्षक म्हणून नीळकंठशास्त्री गेले. तान्ही मुलगी हिंदुस्थानातच राहिली. एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज जोडप्याने तिला आपली मुलगी म्हणून वाढविले. 1857 च्या धामधुमीत त्या जोडप्याचे सर्वस्व गेले, तेव्हा स्टॉर्स नावाच्या पाद्रीसाहेबांच्या कुटुंबाने तिचा सांभाळ केला आणि तिला इंग्लंडला नेले. ती तेथेच शिकली, तेथेच मोठी झाली. म्हणजे बाप इंग्लंडहून परतला तो हिंदुस्थानात राहिला, आणि मुलगी हिंदुस्थानातून गेली ती इंग्लंडात राहिली.

इंग्लंडच्या त्या मुक्कामात नीळकंठशास्त्री ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर पंडितांना भेटले. मॅक्समुल्लरसाहेबांनी म्हातारपणी आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणी लिहिल्या, त्यांत ही भेट आहे. ज्या देशातून आपला नवा धर्म आला त्या देशात लोक त्या धर्माप्रमाणे वागत असतील, अशी शास्त्रीबुवांची समजूत होती. लंडनचे रस्ते पाहून त्यांना फार दुःख झाले. पण धर्म सोडला नाही, आणि देशाची री ओढली नाही. परत आले ते साध्या कपड्यांत, साध्या अन्नावर, उपासतापास करीत राहिले. षड्दर्शनांवर हिंदीत मोठा ग्रंथ लिहिला. 1862 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. 1868 मध्ये त्यांना पहिली दीक्षा मिळाली आणि 1870 मध्ये ते पूर्ण धर्मगुरू झाले.

स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे काम चांद्याला सुरू झाले, त्या आरंभीच्या काळात गोरेशास्त्री येथे येऊन राहिले. त्या वेळचे चांदा डोळ्यांपुढे आणा. आगगाडी 1867 मध्ये नागपूरपर्यंत आली होती. पुढे सगळा प्रवास बैलगाडीचा, म्हणजे आपल्याकडच्या खाचराचा. गोंडराजांचा परकोट उभा, चार दरवाजे, आत रामाळा तलाव, बाहेर झरपट आणि इरई, आणि त्यापलीकडे मुलापासून सिरोंच्यापर्यंत साग, बांबू, मोह. पावसाळ्यात हिवताप. काशीचा नैयायिक, राणीच्या देशात जाऊन आलेला माणूस, तो या गावात बसून कोणाशी काय बोलत असेल? बाबा म्हणत, "अगं, ज्याला काशीत हजार श्रोते मिळाले असते, तो चांद्यात दोघांशी बोलला. हे शिकण्यासारखे आहे." याच मिशनमध्ये पुढे अलेक्झांडर वुड नावाचे पाद्रीसाहेब आले. त्यांनी चांद्याच्या कामावर 1906 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि 1926 मध्ये ते नागपूरचे बिशप झाले. बाबांनी लहानपणी वुडसाहेबांना एकदा लांबून पाहिले होते, ते त्यांना म्हातारपणीही आठवे.

आता बाबांकडे येते.

बाबांचा जन्म 1916 चा. 1940 मध्ये ते उपदेशक झाले आणि 1951 मध्ये पाळक. तेव्हा आपला जिल्हा एकच होता, चांदा. 1964 मध्ये त्याचे चंद्रपूर झाले, आणि 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा निघाला. बाबांना हे जिल्हे वेगळे झाल्याचे कधी पटलेच नाही. "माझ्या सायकलला कोणी विचारले का?" असे ते म्हणत. सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत बायबल, गीतांचे पुस्तक, कोयनेलच्या गोळ्या, आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी नाही तर शिळा भात. वैनगंगेच्या अलीकडे सावलीच्या बाजूला आमचे घर, आणि त्यांची निम्मी गावे नदीच्या पलीकडे. उन्हाळ्यात पात्रातून सायकल ढकलीत नेत, पावसाळ्यात डोंगा. उपासनेला कधी पंधरा माणसे, कधी पाच. हंगाम निघाला की लोक देवळात पहिल्या पिकाचे दान आणीत: पायलीभर धान, भोपळा, लाखोळीची डाळ, कोणी कोंबडी. ते सगळे पाळकाच्या घरी यायचे, असे लोकांना वाटे. खरे म्हणजे त्यातले निम्मे वाटेतच कोणा गरजवंताच्या घरी उतरत असे.

आणि घर कोण चालवी? आई. साठ रुपयांत पाच पोरे. वेळी-अवेळी दारात आलेल्या माणसाला भात. रात्री कंदिलाच्या उजेडात बायकांना अक्षरओळख. अडलेल्या बाळंतिणीकडे रात्री-अपरात्री धाव. बाबांना समाजाने दोनदा शाल दिली. आईला कोणी काही दिले नाही, आणि आम्हांलाही ते कधी खटकले नाही. हे मी आज उघड सांगते, कारण हे महिला मंडळ आहे. येथे नाही सांगायचे तर कोठे?

आता ती गोष्ट. 1958 चा श्रावण. मी नऊ वर्षांची, आणि माझा पाठचा भाऊ चार वर्षांचा. नदीपलीकडच्या एका गावात पटकी आली होती. बाबा औषधाची पेटी घेऊन तिकडे गेले होते. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भावाला ताप भरला. आईने कोतवालाच्या पोराला पलीकडे निरोप घेऊन पाठविले. तो संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला आणि नदी फुगली. तिसऱ्या दिवशी डोंगेवाल्यांनी डोंगे वर ओढून ठेवले. त्या रात्री माझा भाऊ गेला. आईने त्याला मांडीवरून खाली ठेवले नाही, सकाळपर्यंत. मंडळीतल्या म्हाताऱ्या वडीलजनांनी प्रार्थना म्हटली आणि आम्ही त्याला मातीला दिला. बाबा पाचव्या दिवशी आले, अंगभर चिखल. अंगणात उभे राहिले. आईने घागरीतून पाणी काढून त्यांच्या पायावर घातले. कोणी काही बोलले नाही.

त्या दिवसापासून माझ्या मनात बाबांविषयी एक गाठ बसली. मोठी होत गेले तशी ती घट्ट होत गेली. लोक म्हणत, "तुझे बाबा म्हणजे संत." मी मान हलवी, आणि मनात म्हणे, दुसऱ्यांच्या पोरांसाठी संत. मला पुढे शिकायला वसतिगृहात ठेवले, तेव्हाही मला वाटले, चला, आणखी एक पोर वाटेतून बाजूला केले. पत्रे ते नेमाने पाठवीत. मी चार ओळींत उत्तर देई.

अशी चाळीस वर्षे गेली. 1996 मध्ये आई गेली. बाबा माझ्याकडे येऊन राहिले. दिसायला कमी झाले होते, म्हणून मी संध्याकाळी त्यांना वाचून दाखवी. एकदा त्यांनी गोरेशास्त्र्यांविषयी काही मिळाले तर आण म्हटले. नागपूरला गेले तेव्हा ग्रंथालयात शोधले, टिपणे काढून आणली आणि वाचू लागले. त्यांत या एलेन लक्ष्मीची हकीकत निघाली. तोवर आम्हां दोघांनाही शास्त्रीबुवांना मुलगी होती हे ठाऊक नव्हते.

तिचे पुढे काय झाले ते सांगते. ही मुलगी इंग्लंडात इंग्रजीत कविता करू लागली. तिच्या गीतांचे पुस्तक 1883 मध्ये लंडनला छापले गेले. परमेश्वराच्या सान्निध्यात लपून राहण्याविषयीचे तिचे एक गीत, त्याला जॉर्ज स्टेबिन्स या अमेरिकन गृहस्थांनी चाल लावली आणि ते इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत दूरवर गायिले गेले. गाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की ते एका मराठी ब्राह्मणाच्या आईवेगळ्या लेकीने लिहिले आहे? 1880 मध्ये ती हिंदुस्थानात परत आली. आधी अमृतसरला काम केले, मग अलाहाबादला. तेथे 1892 पासून 1900 पर्यंत ती अनाथ मुलींच्या आश्रमाची प्रमुख होती. 1897 मध्ये तिने सेविकेची, म्हणजे डीकनेसची, दीक्षा घेतली. चौऱ्याऐंशीच्या घरात पोहोचून 1937 मध्ये ती वारली. ज्या मुलीला तीन घरांनी वाढविले, तिने दुसऱ्यांच्या पोरी वाढविल्या.

हे वाचून झाल्यावर मी चष्मा काढला आणि बाबांना म्हटले, "बाबा, तुमचे शास्त्रीबुवा मोठे विद्वान, मोठे त्यागी. पण पोरीला टाकून गेले. ते तुम्ही कसे जमेस धरता?"

बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटले ऐकू गेले नाही. मग म्हणाले, "तू शास्त्रीबुवांविषयी विचारत नाहीस."

मी काही बोलले नाही.

बाबा म्हणाले, "कोतवालाचे पोर दुपारीच येऊन पोहोचले होते. नदीला तेव्हा पाणी नव्हते. निरोप होता की पोराला ताप आहे. श्रावणात कोणत्या घरात ताप नसतो? त्या गावात दोन घरे पटकीने बसली होती, आणि एका घरात म्हातारी नि तिचा नातू, दुसरे कोणी नाही. मी म्हटले, उद्या सकाळी निघतो. त्या सकाळी नदी आली. आता तुला खरे सांगतो. नदी आली नसती तरी मी सकाळी निघालो असतो की दुपारी, ते मला अजून ठाऊक नाही. शेहेचाळीस वर्षे मी ते शोधतो आहे."

मी विचारले, "आईला हे माहीत होते?"

"मी आलो त्याच रात्री तिला सांगितले," बाबा म्हणाले.

भगिनींनो, तेव्हा मला आईची आठवण झाली. मी पंचविशीत असताना एकदा आईजवळ बाबांवर फार तोंड टाकले होते. आई तांदूळ निवडीत होती. तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "बाई, त्यांना विचारू नको. ते स्वतःलाच रोज विचारतात." मला तेव्हा वाटले की ही नवऱ्याची बाजू घेते आहे. तिला सगळे ठाऊक होते आणि तिने ते आम्हां पोरांपासून अडतीस वर्षे झाकून ठेवले, हे मला तेव्हा कोठून कळणार?

मी बाबांना क्षमा केली का, असे मला कोणी विचारले तर काय सांगू? त्या संध्याकाळी मी उठले, चहा केला, त्यांच्या हातात कप दिला. दुसऱ्या दिवशी पुढची टिपणे वाचली. एवढेच झाले. पण त्यापुढे मला त्यांच्याशी चार ओळींपेक्षा जास्त बोलता येऊ लागले. पुढची तीन वर्षे आम्ही पुष्कळ बोललो. बापाशी अशी तीन वर्षे मिळणे हीही काही थोडी गोष्ट नाही.

त्याच दिवसांत मी गोरेशास्त्र्यांच्या उत्तर आयुष्याचे वाचले. हा माणूस आतून कधी निवांत नव्हता. शंका त्यांना आयुष्यभर सोडीत नव्हत्या. कौली फादर म्हणून जो संन्यस्त पाद्र्यांचा संघ आहे त्यात ते उमेदवार म्हणून राहिले, पण शेवटची शपथ त्यांनी घेतली नाही. पुण्यात पंचहौदाला ते राहत असताना पंडिता रमाबाई त्यांच्याशी बोलायला येत. रमाबाई म्हणजे केवढी बुद्धिमान बाई! तिला कोणाच्या वशिल्याने काही पटायचे नाही. शास्त्रीबुवांनी तिच्या शंकांना मोकळेपणाने उत्तरे दिली, आणि ती इंग्लंडला गेल्यावरही लिहून पाठविली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. आणि आपल्याला ज्यांचे म्हणणे पटले त्यांत शास्त्रीबुवांचे नाव त्यांनी घेतले आहे. पुढे त्यांनी 1889 मध्ये शारदा सदन काढले, मग केडगावला मुक्तिसदन उभे केले, आणि किती विधवांना व किती पोरक्या मुलींना आसरा दिला ते आपण सर्व जाणताच.

मला असे वाटते, आणि हे माझे वाटणे आहे, कोणी इतिहास म्हणून लिहून घेऊ नये, की ज्याच्या मनाला आपल्या चुकीची टोचणी असते त्याच्यापाशीच दुसऱ्याला मोकळेपणाने बोलता येते. ज्याला सगळी उत्तरे तयार असतात त्याच्यापुढे आपण नुसते ऐकून घेतो. बाबांकडे माणसे येत ती याच कारणाने येत असावीत. दारू पिणारे येत, घर मोडलेले येत, सुनेला छळणारी सासूसुद्धा येऊन रडे. बाबा फारसा उपदेश करीत नसत. ऐकत. मला लहानपणी याचे आश्चर्य वाटे, की हे कसले पाळक, काही सांगतच नाहीत!

फादर गोरे 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत वारले, सत्तर वर्षांचे होऊन. बाबा 2007 मध्ये गेले. एक्याण्णव पुरी व्हायला चार दिवस राहिले होते. मातीला पलीकडच्या गावांतून माणसे आली, आता वैनगंगेवर पूल आहे, बसने आली. त्यांत साठीतला एक माणूस होता. पटकीच्या वर्षी ज्या घरात म्हातारी आणि नातू तेवढेच उरले होते, त्यातला तो नातू. तो मला म्हणाला, "बाई, पाळकबाबा तवा आमच्या घरी चार रात्री बसून होते. मले पेज पाजली." मी त्याचा हात धरला. काय बोलणार? एक पोर गेले आणि एक राहिले. देवाघरचा हिशेब मी मांडू शकत नाही. गणिताची बाई असून नाही मांडता येत.

आमच्या भावाच्या कबरीजवळ बाबांनी चाफा लावला होता. दरवर्षी श्रावणात ते एकटेच तेथे जात, हे आम्हांला ते गेल्यावर डोंगेवाल्याच्या मुलाकडून कळले. आता मी जाते. बाबांच्या आणि आईच्या कबरी तेथेच आहेत. आईच्या दगडावर आम्ही आधी 'पाळकांची पत्नी' एवढेच कोरले होते. दोन वर्षांपूर्वी मी गवंडी बोलावून त्यावर तिचे स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत काढून घेतले, आणि खाली लिहिले की हिने या गावच्या बायकांना वाचायला शिकविले. खर्च थोडा आला. पण हे सुचायला मला सत्तरी उलटावी लागली.

म्हणून, भगिनींनो, शेवटी दोन गोष्टी सांगते आणि बसते.

पहिली गोष्ट अशी. आपल्या घरांत कोणी समाजाचे काम करणारे असते: कोणी पाळक, कोणी भजनी बुवा, कोणी शिक्षक, कोणी पुढारी, आणि आजकाल आपल्यांतल्या बायकाही. लोक त्यांना मोठे म्हणतात ते खरेच असते. पण त्या मोठेपणाचा काही भाग घरातली माणसे आपल्या पदरचा घालीत असतात. बायको घालते, पोरे घालतात. तो कोणी मोजीत नाही. निदान आपण आपल्या मंडळात मोजावा. एलेन लक्ष्मीच्या आईचे नाव तिच्या नावात उरले म्हणून आज मला घेता आले.

दुसरी गोष्ट. तुमच्या मनात घरच्या कोणा वडीलधाऱ्याविषयी अशी गाठ असेल, तर ते जिवंत आहेत तोवर विचारा. नीट विचारा, रागाने नव्हे, पण विचारा. मी पंचावन्न वर्षांची होईपर्यंत थांबले. माझे नशीब की बाबांना दीर्घायुष्य होते. सगळ्यांच्या बाबांना एक्याण्णव वर्षे मिळत नाहीत.

 माझे बोलणे लांबले. मागे चहा थंड होतो आहे, आणि फराळाला आज जवसाच्या चटणीबरोबर वडे आहेत असे कळते. तेव्हा येथेच पुरे करते.